ऑप्शन फॉर्म भरण्याआधी: कॅप राऊंड, ब्रँच आणि पुढची चार वर्षं

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे हे आई-बाबांना वाचायला पाठवणार आहेत, त्यांच्यासाठी. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत.)

 

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रात घरोघरी एक वेगळाच सीझन सुरू होतो. बारशाला न आलेले नातेवाईकही फोन करतात. ‘किती पर्सेंटाइल?’ असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच ‘कॉम्प्युटरच घे बरं का’ असं सांगून फोन ठेवतात. व्हॉट्सॲपवर कटऑफच्या पीडीएफ फिरतात. गावातल्या नेट कॅफेबाहेर ‘येथे इंजिनिअरिंगचे ऑप्शन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लागते. त्यात काही लोक हजारो रुपये घेऊन तुमची कॉलेजांची यादी करून देतात. ही यादी तुम्ही स्वतः, घरी बसून, फुकटात करू शकता.

आजचा भाग त्याबद्दलच आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल, आणि प्रवेश मिळाल्यावर पुढची चार वर्षं कशी असतात त्याबद्दल. मी स्वतः बीटेक करून आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. ‘यशस्वी व्हा’ टाइपचं भाषण आज नाही. यंत्रणा कशी चालते, तेवढंच सांगतो. यंत्रणा कळली की निम्मी भीती जाते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

पहिला गोंधळ इथूनच सुरू होतो. एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुपचा पेपर २०० मार्कांचा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते, म्हणून मार्क सरळ न धरता पर्सेंटाइल काढतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या शिफ्टमधली ९५ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. तुम्हाला ९५ टक्के मार्क पडले, असा त्याचा अर्थ नाही.

आता हिशोब करू. समजा, तीन लाख मुलं परीक्षेला बसली. ९५ पर्सेंटाइल असेल तर तुमच्या पुढे साधारण १५ हजार मुलं आहेत. ९९ असेल तर ३ हजार. म्हणजे ‘चारच पर्सेंटाइलचा तर फरक आहे’ असं म्हणताना मध्ये १२ हजार मुलं उभी असतात. म्हणून घरात चर्चा करताना पर्सेंटाइल बाजूला ठेवा आणि गुणवत्ता यादीतला तुमचा मेरिट नंबर घ्या. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही छापलेला असतो. तुलना त्याच्याशी करायची.

त्या पीडीएफमधले कोड पाहून बरेच जण दचकतात. जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, असं काहीतरी लिहिलेलं असतं. सोपं आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मुलींसाठी राखीव ३० टक्के जागा. मधला भाग म्हणजे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे पूर्ण राज्यासाठी एकच यादी.

यातलं होम युनिव्हर्सिटी हे प्रकरण नीट समजून घ्या. तुमचं गाव कुठलं किंवा आधार कार्डावर पत्ता कुठला, यावर ते ठरत नाही. तुम्ही बारावी ज्या जिल्ह्यातून पास झालात, त्यावर ठरतं. समजा तुमचं गाव बीडकडचं आहे, पण अकरावी-बारावी लातूरला केली. मग तुमची होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. शिकवणीसाठी जिल्हा बदललेल्या कितीतरी मुलांना हे फॉर्म भरतानाच कळतं. तेव्हा कटऑफ बघताना आपल्याला लागू असलेला रकाना कोणता, हे आधी ठरवा.

सॉफ्टवेअर तुमचा फॉर्म कसं वाचतं

आता माझ्या आवडीचा भाग. सेंट्रलाइज्ड ॲडमिशन प्रोसेस, म्हणजे आपली कॅप, हा शेवटी एक प्रोग्रॅमच आहे. तो काय करतो? गुणवत्ता यादीतला पहिला विद्यार्थी घेतो. त्याची पसंतीची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या पर्यायात त्याला लागू असलेली जागा शिल्लक आहे का? असेल तर दिली. नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा. जागा मिळाली की थांबतो आणि यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याकडे जातो. बस, एवढंच. राखीव प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी वगैरे तपासण्या मध्ये होतात, पण गाभा हाच.

यातून एक गोष्ट निघते, ती शंभर वेळा सांगितली तरी कमीच. तुमचा नंबर येईपर्यंत तुमच्या फॉर्मकडे कोणी बघतच नाही. आणि नंबर आल्यावर, तुम्ही वर न मिळण्यासारखी दहा कॉलेजं लिहिली असली तरी तुमचं काही जात नाही. प्रोग्रॅम ती दहा ओलांडून अकराव्यावर येतो. अकराव्या कॉलेजला असं कधीच वाटत नाही की ‘याने मला अकरावं ठेवलं, मग मी दुसऱ्याला जागा देतो.’ आपल्याकडे सोयरीक जमवताना मानपान चालतं, इथे चालत नाही.

म्हणून यादीचा क्रम फक्त एकाच प्रश्नावर ठरवायचा. ही दोन्ही मिळाली तर मी कुठे जाईन? ज्याचं उत्तर ‘इथे’ येईल, ते वर. कटऑफचा क्रम हा तुमच्या पसंतीचा क्रम नव्हे.

उलटं करणाऱ्यांचं काय होतं तेही सांगतो. माझ्या एका मित्राच्या धाकट्या भावाला फॉर्म भरून देणाऱ्याने सांगितलं, ‘सेफ कॉलेज वर टाक, म्हणजे रिस्क नाही.’ त्याने टाकलं. पहिल्याच फेरीत ते मिळालं. पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. कटऑफ जाहीर झाल्यावर बघतो तर त्याला खरोखर हवं असलेलं कॉलेज, जे त्याने तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं, ते त्याच्या नंबरपेक्षाही मागे बंद झालेलं. म्हणजे क्रम बदलला असता तर तेच मिळालं असतं. यात नशिबाचा काही संबंध नाही. यादी उलटी लिहिली होती, एवढंच.

यात २०२५-२६ च्या प्रवेशापासून एक बदल झाला, तो लक्षात घ्या. तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर पक्की. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर पक्की. चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं. पक्की झालेली जागा घ्यायची नसेल, तर पुढच्या फेरीत तुम्हाला संधी नाही.

याचा अर्थ काय? तुमचे वरचे सहा पर्याय फार जपून लिहायचे. ‘मिळालं तर बघू’ अशा मनःस्थितीत तिथे काही टाकायचं नाही. त्या सहांपैकी कुठलंही एक मिळालं, तर दुसऱ्या दिवशी बॅग भरून जायची तुमची तयारी हवी. सातव्याच्या खाली मिळालं तर जागा स्वीकारून ‘बेटरमेंट’साठी थांबता येतं. पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर आधीची जागा आपोआप जाते. नाही मिळालं तर आधीची हातात राहते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा तरी स्वतः वाचा. यूट्यूबवरच्या कुठल्याही दादाचं ऐकण्याआधी. मी धरून.

आणि हो, फॉर्म नुसता सेव्ह करून चालत नाही, कन्फर्म करावा लागतो. सेव्ह करून झोपी गेलेल्या मुलाचा फॉर्म प्रोग्रॅमच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. कन्फर्म करा, प्रिंट काढा, आणि ती प्रिंट घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या जो तुमच्यावर चिडलेला नाही.

कागद

हा कंटाळवाणा भाग आहे. पण खरं सांगतो, मार्कांपेक्षा कागदांनी जागा घालवलेली मुलं मी जास्त पाहिलीत.

वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. राखीव प्रवर्गात असाल तर जातीचा दाखला आणि त्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. नॉन-क्रिमीलेअर लागू असेल तर त्यावरची तारीख बघा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध हवं. ईडब्ल्यूएसमधून भरत असाल तर राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. केंद्राच्या नमुन्यातलं घेऊन येणारा एक तरी मुलगा दरवर्षी भेटतो. फीमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांसाठी उत्पन्नाचा दाखला. प्रत्येक ब्रँचमध्ये मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा या योजनेच्या असतात, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर कुठल्याही प्रवर्गातला विद्यार्थी त्यासाठी पात्र असतो. या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा लिहावा लागतो. न लिहिलेली जागा मिळत नाही.

कागद वेळेत नसेल तर अर्ज सरळ ओपनमध्ये जातो. व्हॅलिडिटीला महिने लागू शकतात. म्हणून हे ऐकणारं कोणी आत्ता अकरावीत असेल, तर निकालाची वाट न बघता याच आठवड्यात बाबांना घेऊन सेतू केंद्रात जा, कुठले दाखले कुठून काढायचे ते विचारून या.

एक अनुभव सांगतो. माझ्या एका रूममेटला पहिल्या वर्षी दुसरीकडे जागा मिळत होती, पण आधीच्या कॉलेजने, नाव घेत नाही, मूळ मार्कशीट अडकवून ठेवली होती. ‘चारही वर्षांची फी भरा, मग देतो’ असं काउंटरवर सांगितलं. तो आणि त्याचे काका तीन दिवस खेटे घालत होते. तुमच्याशी कोणी असं बोललं तर हे माहीत असू द्या: विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मूळ कागद फक्त पडताळणीला दाखवायचे आणि परत घ्यायचे. तोंडी भांडत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की काउंटरवरचा आवाज बऱ्याचदा खाली येतो.

कॉलेज की ब्रँच?

हा प्रश्न मला इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त येतो. याचं एका ओळीचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण विचार कसा करायचा ते सांगतो.

आपल्याकडे जुन्या आणि चांगल्या सरकारी, अनुदानित संस्था पुण्या-मुंबईपुरत्या नाहीत. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, २०२२ मध्ये ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. हे दोन सगळ्यांना माहीत असतात. पण सांगलीचं वालचंद १९४७ पासून आहे, कराडचं आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॉलेज १९६० पासून, अमरावतीचं १९६४ पासून, नांदेडचं एसजीजीएस १९८१ पासून. इथून बाहेर पडलेले इंजिनिअर आज देशभर आहेत. तुम्ही अर्ज करता तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांची ही साखळी दिसत नाही. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप शोधताना दिसते.

ब्रँचचं म्हणाल, तर कॉम्प्युटरकडे ओढा आहे हे खरंय. मीही त्याच धंद्यात आहे, नाक मुरडणार नाही. पण एक गोष्ट बघा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी एका ब्रँचमधल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा नावांच्या जागा वाढवल्या. जागा वाढवायला एक परवानगी लागते. शिकवणारी माणसं वाढवायला वर्षं लागतात. त्यामुळे ब्रँचचं नाव जितकं चकचकीत, तितके जास्त प्रश्न विचारा. या ब्रँचची पहिली बॅच बाहेर पडली का? शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर? एनबीए मानांकन आहे का? नॅक पूर्ण संस्थेला मिळतं, एनबीए त्या-त्या ब्रँचला मिळतं. फ्लेक्सवर नॅक मोठ्या अक्षरांत असतं, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

आणि ‘प्लेसमेंट १०० टक्के’ वाचलंत तर एकच विचारा, कशाचे १०० टक्के? बॅचमधल्या सगळ्या मुलांचे, की ज्यांना कंपन्यांना बसायची परवानगी मिळाली त्यांचे? सगळ्यात मोठं पॅकेज सांगू नका, मधल्या मुलाला किती मिळालं ते सांगा. हे कॉलेजच्या ऑफिसात विचारण्यापेक्षा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. दोन चहात संपूर्ण माहिती मिळते.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलवाल्यांनी खचून जायचं कारण नाही. आता बहुतेक ठिकाणी मुख्य ब्रँचसोबत मायनर घेता येतं. मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे दोघं इलेक्ट्रिकलचे आहेत आणि एक मुलगी प्रॉडक्शनची. पण ज्यांना यंत्रांची, सर्किटांची खरंच आवड आहे, त्यांनी निव्वळ भीतीपोटी कॉम्प्युटर घेऊ नये. चार वर्षं रोज सकाळी उठून तेच करायचं असतं.

लातूरहून आलेला एक व्हॉइस मेसेज

मागच्या भागानंतर लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. ओबीसी प्रवर्ग, कागद सगळे तयार. वडिलांची थोडी शेती, आई शिवणकाम करते. तिच्या मेरिट नंबरला शासकीय कॉलेजमध्ये इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं आहे, पण घरापासून लांब. वडील म्हणतात, घराजवळच्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंटमधून कॉम्प्युटर घेऊ, शेताचा एक तुकडा काढावा लागला तरी चालेल, पोरगी डोळ्यासमोर राहील. ती विचारत होती, ‘दादा, बाबा माझ्यासाठी जमीन विकायला निघालेत. त्यांना नाही कसं म्हणू?’

मी तो मेसेज तीनदा ऐकला.

बघ ताई, बाबांना आधी हे समजावून सांग. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण कॅपमधून प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. म्हणजे ज्या रस्त्यासाठी बाबा जमीन विकणार आहेत, तो रस्ता घेतल्यामुळेच माफी हातची जाणार आहे. कॅपमधून गेलीस तर खर्च उरतो तो राहण्या-खाण्याचा, पुस्तकांचा आणि इतर शुल्काचा. शासकीय कॉलेजचं हॉस्टेल मिळालं तर तोही बराच कमी होतो. महाडीबीटीच्या पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजना आहेत, त्यातली तुझ्या प्रवर्गाला आणि परिस्थितीला कुठली लागू होते ते बघ. घराजवळचंच कॉलेज घ्यायचं ठरलं, तरी ते कॅपमधून घे, मॅनेजमेंटमधून नको.

मग एका कोऱ्या कागदावर दोन रकाने कर. डावीकडे चार वर्षांचा इकडचा खर्च, उजवीकडे तिकडचा. भांडण करून पटणार नाही, आकड्यांनी पटेल. शेतकरी माणूस हिशोबाला पक्का असतो.

पण एक उरतंच, ते आकड्यात मावत नाही. ‘पोरगी डोळ्यासमोर राहील’ ही काळजी आहे. तिला फीमाफी हे उत्तर होत नाही. त्यासाठी बाबांना एकदा तिथे घेऊन जा. मुलींचं हॉस्टेल बाहेरून का होईना दाखव, रेक्टरांशी बोलू दे, मेसमध्ये एक वेळ जेवू दे. लातूरकडची एखादी सीनियर मुलगी सापडली, तर तिच्या वडिलांचा फोन तुझ्या बाबांशी जोडून दे. दोन बाप एकमेकांशी जे बोलतील ते मी पॉडकास्टवर सांगून उपयोग नाही. आणि एवढं करून बाबा ‘नाही’ म्हणाले, तरी आपल्याला काय हवंय ते तू एकदा स्पष्ट, शांतपणे बोललेली असशील. ते महत्त्वाचं आहे.

मिळालं ॲडमिशन, पुढे?

पुढे पहिलं वर्ष. आणि ते अनेकांना चक्रावून टाकतं.

पहिलं कारण, सगळ्यांना जवळपास सगळंच असतं. कॉम्प्युटर घेतलेल्यालाही ड्रॉइंग असतं, मेकॅनिक्स असतं, वर्कशॉपमध्ये फाईलने लोखंड घासून फिटिंगचा जॉब करावा लागतो. ‘मला हे कशाला?’ हा प्रश्न सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला पडतो. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनला काचेखाली बल्ब लावून शीट उतरवणारी पोरं दिसतील. त्याला जीटी म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला आहे. पण जीटी मारलेल्याला ओरलमध्ये सर विचारतात, ‘हा प्लेन इकडे का कापला?’ तेव्हा काच मदतीला येत नाही.

दुसरं कारण भाषा. मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना पहिले दोन महिने वर्गात नुसता आवाज ऐकू येतो. विषय कठीण नसतो, वाक्यं अनोळखी असतात. यावर काय करायचं? शंका मराठीत विचारा. बहुतेक शिक्षक मराठीच आहेत, त्यांना कळतं. नोट्समध्ये संज्ञा इंग्रजीत लिहा, समजावणं मराठीत लिहा. एआयसीटीईने ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची पुस्तकं मराठीतही मोफत ठेवली आहेत, ती उघडून बघा. आणि इंग्रजी बोलायला वर्गातल्या सफाईदार मुलांसमोर लाज वाटत असेल, तर आपल्यासारखाच एक जण शोधा आणि दोघं मिळून रोज पंधरा मिनिटं चुकीचं बोला. चौथ्या महिन्यात फरक पडतो. मी हॉस्टेलच्या गच्चीवर हे होताना बघितलंय.

तिसरं, विषय मागे राहणं. एटीकेटी, केटी, बॅकलॉग, नाव काहीही द्या. बारावीपर्यंत कधी नापास न झालेली मुलं पहिल्या सेमिस्टरला एम-वनमध्ये राहतात आणि त्यांना वाटतं, आपलं आयुष्य संपलं. अजिबात नाही. विषय पुन्हा देता येतो. ‘वाय-डी’, म्हणजे वर्ष गेलेली मुलंही आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत. खरं नुकसान होतं ते लपवण्याने. घरी सांगितलं नाही, मित्रांना टाळलं, लेक्चरला जाणं बंद केलं, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, आणि एका विषयाचे चार झाले. म्हणून एक विषय राहिला की त्याच आठवड्यात एका माणसाला सांगा. आई, ताई, मेंटॉर सर, कोणीही. तुमचा रूममेट आठ-दहा दिवस खोलीतून बाहेर पडत नसेल, तर ‘झोपाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

रॅगिंगबद्दल एकच सांगतो. ‘इंट्रो’ आणि ‘परंपरा’ या नावाखाली काही चालत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, हा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.

आणि मजा? असते हो, भरपूर असते! पुण्यात पुरुषोत्तम आणि फिरोदियाच्या तालमींत रात्री जागवणारी इंजिनिअरिंगची पोरं आहेत. सीओईपीच्या बोट क्लबवर पहाटे नदीत वल्ही मारणारे आहेत. रोबोट बनवणारे, रेसिंग कार जोडणारे, एनएसएसच्या कॅम्पला गावात जाऊन बंधारा बांधणारे. पहिल्या वर्षी अशी एकच गोष्ट धरा, पाच नको. प्रोग्रॅमिंग कुठल्याही वर्षी शिकता येईल. पण तीस माणसांकडून, वेळेत, पैशांशिवाय काम कसं करून घ्यायचं, हे मला तरी गॅदरिंगच्या बॅकस्टेजलाच कळलं. आज ऑफिसात रोज तेच वापरतो.

जाता जाता

तर मंडळी, फोन खाली ठेवायच्या आधी तीन कामं. एक, आपला मेरिट नंबर आणि आपल्याला लागू असलेला रकाना एका कागदावर लिहा. दोन, सगळ्या दाखल्यांवरच्या तारखा तपासा. तीन, यादीतले वरचे सहा पर्याय लिहा आणि प्रत्येकासमोर स्वतःला विचारा, ‘हे मिळालं तर उद्या निघेन का?’ उत्तर ‘हो’ नसेल तर तो पर्याय खाली सरकवा.

यादी तुमच्या घरच्यांसोबत करा, पण क्रम तुमचा असू द्या. तिथल्या वर्गात सकाळी नऊला तुम्हाला बसायचंय, फोन करणाऱ्या आत्याला नाही.

डिप्लोमावाल्यांचे बरेच मेसेज आलेत. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं गणित वेगळं असतं, त्यावर पुढचा भाग करू. तोवर प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस मेसेज चालेल, मराठीतच पाठवा. भेटू. काळजी घ्या, आणि फॉर्म कन्फर्म करायला विसरू नका!